काकांनी धुतलेलं घड्याळ

वेळ सोडून घड्याळातलं सगळं ज्यांना कळतं असे नाशिकमध्ये एकच गृहस्थ असतील, आणि ते आमचे घरमालक काका. हे मी गंमत म्हणून लिहीत नाही. इंदिरानगरातल्या त्यांच्या घरात वरच्या खोलीत आम्ही तिघी मुली भाड्याने राहतो आणि खाली साठ-सत्तर मनगटी घड्याळं राहतात. सगळी चालू, आणि प्रत्येकात वेळ वेगळी. कारण काका ज्या क्षणी चावी देतात त्या क्षणी काटे बारावर आणून ठेवतात आणि तिथून पुढे ते घड्याळ दिवसात किती सेकंद चुकतं ते वहीत लिहितात. बाहेर सकाळचे नऊ आहेत की दुपारचे दोन, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. काकू जिन्याखाली उभ्या राहून आम्हाला हाक मारतात, "मुलींनो, किती वाजले गं? माझ्या घरात सत्तर घड्याळं आहेत, म्हणून विचारते!" आणि ज्यांनी ही सत्तर घड्याळं जिवंत केली त्या काकांच्या स्वतःच्या मनगटावर काहीच नसतं. का, असं मी एकदा भीत भीत विचारलं तेव्हा म्हणाले, "एक बांधलं तर बाकीच्यांना काय वाटेल?"

काका ओझरच्या विमानांच्या कारखान्यातून निवृत्त झाले. तिथे ते विमानातली बारीक यंत्रं तपासायचे. निवृत्तीनंतर लोक देवदर्शनाला जातात, काका गोदाकाठच्या बुधवारच्या बाजाराला जातात. तिथे फाटक्या गोणपाटावर गंजलेल्या नळांच्या आणि तुटक्या रिमोटच्या शेजारी एखादं मुकं घड्याळ पडलेलं असतं. ते उचलून काका आधी कानाला लावतात, मग नाकाला. चकाकणारं घड्याळ दिसलं की मात्र तोंड फिरवतात. वर नवा रंग फासून, नवे आकडे छापून विकायला ठेवलेल्या घड्याळांचा त्यांना मनापासून राग आहे. विक्रेता एकदा म्हणाला, "काका, बघा तर, नव्यासारखं दिसतंय." काका म्हणाले, "मढ्याला पावडर लावली म्हणून ते लग्नाला येतं का?" त्यांची पद्धत वेगळी. आधी सगळं सुटं करायचं, पेट्रोलने धुवायचं, रबरी फुग्याने वारा मारून वाळवायचं, झिजलेला भाग दुसऱ्या मेलेल्या घड्याळातून घ्यायचा किंवा स्वतः घासून बनवायचा. बाहेरच्या कवचाला शेवटी हाताने पॉलिश, तेही इतकंच की त्यावर माणसाने घातलेली वर्षं दिसत राहतील.

माणसांकडे बघण्याची त्यांची रीतही मनगटापासून सुरू होते. मी पहिल्यांदा वडिलांबरोबर खोली बघायला आले तेव्हा काकांनी माझं नाव विचारायच्या आधी विचारलं, "घड्याळ नाही?" मला वाटलं, शहरात खोली मिळायला घड्याळ लागत असेल. मी ओशाळून हात मागे घेतला. आमच्या घरात कॉलेजचं तोंड बघणारी मी पहिलीच, त्यामुळे कुठल्या गोष्टीला लाजायचं आणि कुठल्या नाही हे मला अजूनही नीट ठरवता येत नाही. काकू सांगतात, त्यांच्या मुलीला बघायला एक मुलगा आला होता. तो गेल्यावर सगळ्यांनी काकांना विचारलं, मुलगा कसा वाटला? काका बराच वेळ विचार करून म्हणाले, "यंत्र चांगलं आहे, पट्टा चुकीचा आहे." मुलाचा चेहरा त्यांनी बघितलाच नव्हता. ते लग्न झालं, जावई गुणी निघाला, आणि पट्टा पहिल्याच दिवाळीला सासऱ्यांनी बदलून दिला.

पण मला खरं आश्चर्य वाटायचं ते त्यांच्या मळ ओळखण्याचं. घड्याळाच्या पाठीमागे, पट्ट्याच्या खाचेत, काचेच्या कडेला जो मळ साचतो तो काका टाचणीने पांढऱ्या कागदावर काढतात, डोळ्याला भिंग लावतात आणि त्या माणसाचं आयुष्य वाचायला लागतात. "हा पिठाच्या गिरणीवाला. ही बाई शिवणकाम करायची, बघ, दोऱ्याचे तंतू. हा डावखुरा, आणि तंबाखू मळायचा." मला आधी वाटायचं, आमच्यावर छाप पाडायला बोलतात. पण एकदा त्यांनी ज्याला गिरणीवाला ठरवलं होतं त्याचा मुलगाच घड्याळ न्यायला आला आणि त्याच्या भुवयांवरही पीठ होतं. तेव्हापासून माझा त्यांच्यावर इतका विश्वास बसला की काका सांगतील ते खरंच असणार, असं मी धरून चालले. पुढे जे झालं त्यात तो विश्वासही थोडा दोषी आहे.

आमच्या घरी, कळवणजवळच्या आमच्या गावात, एक घड्याळ आहे. ते माझ्या थोरल्या चुलत्यांचं, म्हणजे मोठ्या बाबांचं. आमच्या भावकीत नोकरी लागलेले ते पहिले. पहिल्या पगारातून त्यांनी ते घेतलं. मी जन्मायच्या आधीच ते वारले आणि घड्याळ त्याच सुमाराला बंद पडलं. मोठ्या आईने, म्हणजे त्यांच्या बायकोने, ते पेटीत ठेवलं. नंतर घरात लग्न निघालं तेव्हा कुणीतरी म्हणालं की नवरदेवाच्या हातात ते बांधावं, मोठ्या माणसाचा आशीर्वाद म्हणून. तसं बांधलं. मग चुलत्यांकडे, मग भाऊबंदांकडे, असं ते फिरत गेलं. आता आमच्याकडे बंद घड्याळ हातात असल्याशिवाय हळदच लागत नाही. पंधरा-सोळा नवरदेवांची हळद त्या घड्याळाला लागली आहे. तेलात कालवलेली ती हळद काचेच्या फटीतून आत झिरपून तबकडीच्या कडेने पिवळी किनार झाली होती. मोठ्या आईला त्या किनारीवरून बोट फिरवताना मी लहानपणापासून बघितलंय. ती विधवा, त्यामुळे हळदीच्या ताटाला ती हात लावत नाही. ती फक्त पेटीतून घड्याळ काढून देते आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन बसते.

यंदा माझ्या सख्ख्या भावाचं लग्न ठरलं. मला वाटलं, या वेळी ते घड्याळ चालू असावं. मोठ्या आईला मी एवढंच म्हणाले, "नाशिकला दाखवून आणते." तिने पेटी उघडण्याआधी दोनदा विचारलं, "जसं हाय तसंच येईल ना?" मी म्हणाले, येईल. आणि काकांना देताना मी काय सांगितलं? "मोठ्या बाबांचं आहे." बस. एवढ्या मोठ्या कारागिराला आपल्या घरातल्या हळदीची गोष्ट काय सांगायची, असा संकोच वाटला.

काकांनी त्या घड्याळापायी तीन आठवडे घालवले. आत गंज इतका की केसासारखी बारीक स्प्रिंग हात लावताच तुटली. दुसरी मिळवायला काकांनी बाजाराच्या तीन खेपा केल्या. एका रविवारी सकाळी त्यांनी आम्हा तिघींना आणि काकूंना खाली बोलावलं. टेबलावर स्टीलचं ताट पालथं घातलेलं होतं आणि ताटावर घड्याळ. "गप्प बसा," काका म्हणाले. पंखासुद्धा बंद केला. आणि त्या ताटातून आवाज यायला लागला, बारीक, घाईघाईचा, चिमणीच्या पिल्लाच्या छातीतल्या ठोक्यांसारखा. माझ्या जन्माआधी थांबलेली वस्तू माझ्यासमोर चालत होती. मी वाकून बघितलं. तबकडी पांढरीशुभ्र होती.

"कडेला पिवळं होतं ना, काका?"

"अगं, गंधक!" काका उत्साहाने म्हणाले. "द्राक्षबागेत मारतात ते. निफाड-दिंडोरीकडच्या घड्याळांत नेहमी सापडतं. धातू खातं ते. अजून एक पावसाळा गेला असता तर तबकडी गेली असती. कापूस घेतला आणि आधी तेच साफ केलं. तुझ्या चुलत्यांची द्राक्षबाग होती ना?"

आमच्याकडे द्राक्षाचा एक वेलही नाही, कांदा आहे. मी मान हलवली, छान झालंय म्हणाले आणि वर येऊन उशीत तोंड खुपसून रडले. काकू मागोमाग आल्या. त्यांनी माझ्या तोंडून सगळं काढून घेतलं आणि खाली जाऊन सांगितलं. त्या दिवशी काका जेवले नाहीत. दुपारी वहीही उघडली नाही. संध्याकाळी मी पाणी भरायला खाली गेले तेव्हा ते खुर्चीत नुसते बसले होते.

"भिंग लावलं की वास घ्यायचं विसरतो माणूस," ते म्हणाले. "हळदीला वास असतो."

"मीच सांगितलं नाही, काका."

"तू नाही सांगितलंस. पण मी विचारलं का?" मग वही जवळ ओढत, "लग्न कधी आहे? मी येतो. घड्याळ दोन दिवस ठेव माझ्याकडे, एक काम राहिलंय."

हळदीच्या दिवशी काका पांढरा सदरा घालून एसटीने माझ्याबरोबर आमच्या गावी आले. मांडवात सगळे जमले होते, वाजंत्रीवाले हळद लागायची वाट बघत थांबले होते. मोठ्या आईने घड्याळ हातात घेतलं, बोट फिरवलं, उजेडात धरलं. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "हे आपलं नाय गं."

काका पुढे झाले आणि हात जोडले. "वहिनी, तुमचंच आहे. मी धुतलं. मला वाटलं, गंधक आहे."

माझी आत्या मांडवाच्या खांबाला टेकून उभी होती. तिला असं काही सुटत नाही. "अगं बया! इमानाच्या कारखान्यातला माणूस ना हा? ह्याला हळद आन गंधक कळंना? इमानं कशी उडत व्हती मग?" सगळा मांडव हसला. काका हसले नाहीत, रागावलेही नाहीत. तसेच हात जोडून उभे राहिले.

मोठ्या आईचं तिकडे लक्षच नव्हतं. तिने घड्याळ कानाशी नेलं होतं. पदराआड, बराच वेळ. हसणं आपोआप थांबलं.

"ते निजले का हात उशाखाली घालायचे," ती म्हणाली. "मला लय राग यायचा. झोपच लागायची नाय ह्या टकटकीनं." आणि मग कुणालाच न विचारल्यासारखं, "हेच हाय. हेच वाजायचं."

काकांनी हळदीच्या ताटातली वाटी उचलली आणि तिच्यासमोर धरली. "जुनी मी पुसली, वहिनी. नव्यातली पहिली तुम्ही लावा."

आत्यासुद्धा नुसती "अहो पाव्हणं, त्या नसत्यात..." एवढंच म्हणाली आणि थांबली. मोठ्या आईने हात पदरात घेतले. "मला चालत नाय, भाऊ."

"नवरदेवाला नका लावू," काका म्हणाले. "घड्याळाला लावा. घड्याळ तुमच्या मालकांचं आहे."

ती माझ्या वडिलांकडे बघत राहिली. वडिलांनी पुढे येऊन ते घड्याळ माझ्या भावाच्या मनगटावर बांधलं आणि त्याचा हात मोठ्या आईसमोर धरला. तिने बोट वाटीत बुडवलं. काचेवर हळद लावताना ते घसरलं आणि भावाच्या मनगटावर एक पिवळी रेघ उमटली. ती कुणी पुसली नाही. आत्याने डोळ्यांना पदर लावला आणि दुसऱ्याच क्षणी ओरडली, "आरं वाजवा की रं, थांबला कशाला!"

हे सगळं काकांनी ठरवून केलं की त्यांना त्या वेळी सुचलं, मला माहीत नाही. विचारायचा धीर झाला नाही. लग्न उरकून परतताना एसटीतून दिंडोरी दिसायला लागली. तेव्हा मी म्हणाले, "काका, एवढी हळद लावली सगळ्यांनी. आत गेली तर?"

"जाईल," काका म्हणाले. "काच मी जराशी सैल बसवलीय."

"पण मग घड्याळ पुन्हा बंद पडेल ना?"

"पडेल कधीतरी." ते खिडकीबाहेरच्या द्राक्षबागांकडे बघत होते. आयुष्यभर यंत्रात धुळीचा कण जाऊ नये म्हणून झटलेला माणूस हे किती सहज म्हणाला, याचंच मला नवल वाटत राहिलं. पुढच्या वर्षी माझं शिक्षण संपेल आणि खोली सोडावी लागेल. ते घड्याळ पुन्हा थांबेल तेव्हा मी कुठे असेन, काका कुठे असतील, कोण जाणे. पण कितीही सफाईचे हात भेटले, तरी मुद्दाम एवढीशी फट ठेवणारे हात मला पुन्हा भेटतील असं वाटत नाही.