डेव्होना रकरचं योगदान

डेव्होना रकर पोलंडमध्ये होती तेव्हाची गोष्ट. अमेरिकेतल्या बायकांच्या बास्केटबॉल लीगचा मोसम उन्हाळ्यात असतो. तो संपला की तिच्यासारख्या खेळाडू पोटापाण्यासाठी हिवाळाभर परदेशी क्लबांकडून खेळतात. सराव आटोपून ती खोलीवर येऊन बूट सोडत होती, तेवढ्यात मिसिसिपीहून आईचा फोन आला.

“अगं, तुला ओमाहाने घेतलं म्हणे. ओमाहात असतं काय?”

डेव्होनाला काही कळेना. मग तिने फोनवर बातमी उघडून बघितली. लीगमध्ये नवा संघ येतो तेव्हा जुने संघ आपल्या लाडक्या खेळाडू पंखाखाली घेतात आणि उरलेल्या उघड्यावर सोडतात. नवा संघ त्यातून आपल्या वाट्याच्या उचलतो. डेव्होनाने ज्या संघासाठी आठ वर्षं हाडं झिजवली होती त्याने तिला उघड्यावर सोडलं होतं, आणि ते तिला सांगायचे कष्टही कोणी घेतले नव्हते.

“घरातली जुनी खुर्ची चर्चच्या जुन्या सामानाच्या दुकानात नेऊन देतात, तसं दिलं की गं तुला,” आई एर्नस्टीन म्हणाली. “जाऊ दे. तुला कोणी उचललं तरी. काहींना तर कोणी उचलतही नाही.”

वसंतात डेव्होना नेब्रास्कातल्या ओमाहाला पोचली. संघाचं नाव क्रेन्स. सगळ्याच जणी कुठून तरी टाकलेल्या, त्यामुळे पहिल्याच जेवणाला नाव सांगायच्या आधी प्रत्येकीने आपल्याला कोणी हाकललं ते सांगितलं आणि हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. तेहेतीस वर्षांची डेव्होना त्यांच्यात सगळ्यात मोठी. पोरी तिला मावशी म्हणू लागल्या. कोच मार्गो हॅलोरनने तिला बाजूला घेऊन सांगितलं की हा संघ तुझा आहे, मुली तुझ्याकडे बघून शिकतील. डेव्होनाने असली वाक्यं आधीही ऐकली होती. तरी या वेळी तिने विश्वास ठेवला.

टाकलेली नव्हती ती एकच, ब्रिन ओस्टरहाउस. कॉलेजातून थेट आलेली, नेब्रास्काच्याच एका खेड्यातली, बँकेच्या भिंतीवर चार मजली चित्र असलेली. तिचा नेम असा की बघणाऱ्याने घास तोंडात न्यायचा विसरावा. पण पहिल्या सामन्यांमध्ये तिला चेंडू धड हातात घेऊ देईनात. समोरच्या संघातल्या मुरलेल्या बायका तिला कोपरं मारायच्या, दाबायच्या, पंचाची पाठ वळली की जर्सी ओढायच्या. क्रेन्स हरत राहिल्या आणि ब्रिन सामन्यानंतर तोंडावर टॉवेल टाकून बसू लागली.

डेव्होनाने तिला हाताखाली घेतलं. सराव संपल्यावर दोघी मागे थांबायच्या. कोण डावीकडून ढकलते, कोणाला चिडवलं की तिचं भान सुटतं, धक्का बसणार असेल तर श्वास कधी सोडायचा, हे सगळं तिने ब्रिनच्या अंगात उतरवलं. आणि सामन्यात ती ब्रिनसाठी भिंत झाली. ब्रिनच्या मागे लागलेल्या बाईच्या वाटेत जाऊन डेव्होना पाय रोवून उभी राहायची. त्याला स्क्रीन म्हणतात. धावत येणारी तिच्यावर आदळायची, तेवढ्या वेळात ब्रिन मोकळी व्हायची आणि चेंडू जाळीत जायचा. लोक ब्रिनच्या नावाने टाळ्या वाजवायचे. आदळण्याचा हिशेब कोणत्याच फलकावर लागत नसे. डेव्होनाची त्याबद्दल तक्रार नव्हती. तिला कामाची मजा येत होती, आणि ब्रिन जिंकल्यावर पहिली मिठी तिलाच मारायची.

जुलैत वारं फिरलं. टाकलेल्यांचा संघ मोठमोठ्यांना लोळवू लागला. मोसमाच्या शेवटच्या सामन्याला गणित असं जमलं की जिंकलं तर क्रेन्स बाद फेरीत, पहिल्याच वर्षी. डेव्होनाचा उजवा गुडघा तोवर पपईसारखा सुजला होता. डॉक्टर थांब म्हणाला. कोच म्हणाली, “मी जबरदस्ती करणार नाही, डी. तुझं तू ठरव.” असं म्हणताना कोच तिच्याकडे बघत नव्हती. डेव्होनाने गुडघ्याला पट्ट्या गुंडाळल्या.

अगदी अखेरीस क्रेन्स एका गुणाने मागे होत्या. ब्रिनच्या हातात चेंडू होता आणि तिच्यामागे समोरच्या संघातली सगळ्यात धिप्पाड बाई, ओडेसा ग्रँबी. डेव्होना मध्ये जाऊन उभी राहिली. ओडेसा पूर्ण वेगाने येऊन आदळली, गुडघ्यात काहीतरी फाटलं, आणि पडता पडता डेव्होनाला फक्त गर्जना ऐकू आली. ब्रिनने चेंडू जाळीत टाकला होता. सगळ्या जणी तिच्याकडे धावल्या, राखीव खेळाडू धावल्या, कोच धावली. जमिनीवर पडलेल्या डेव्होनाजवळ एकटी ओडेसा वाकली. “उठू नकोस, बाई,” ती म्हणाली. “पडून राहा. मी बोलावते कोणाला तरी.”

बाद फेरीत क्रेन्स पहिल्याच फटक्यात गारद झाल्या. डेव्होनाने ते दवाखान्यातल्या पलंगावरून बघितलं.

ऑक्टोबरात एका क्रीडा संकेतस्थळावर लेख आला, क्रेन्सच्या पहिल्या मोसमात कोणत्या खेळाडूचं किती योगदान. ब्रिनवर भरभरून परिच्छेद होते. शेपटाला डेव्होनाबद्दल एक ओळ होती, ‘अनुभवी खेळाडू, दुखापतीमुळे योगदान मर्यादित.’ वर फोटो भलत्याच मुलीचा. आईने फोनवर ती ओळ दोनदा वाचून घेतली आणि विचारलं, “मर्यादित म्हणजे गं काय?” डेव्होना म्हणाली, “म्हणजे होते मी, आई. होते तिथे.”

नाताळच्या आधी कोचचा फोन आला. नवा करार होणार नाही, निर्णय वरचा आहे, मला फार वाईट वाटतं, असं सगळं सांगून झाल्यावर कोचच्या तोंडून निसटलं की वरच्यांनी ब्रिनचंही मत घेतलं होतं. पुढे डेव्होनाने काही ऐकलं नाही.

दोन दिवसांनी ब्रिन दारात उभी. डेव्होना कुबडी काखेत धरून सामान खोक्यात भरत होती. ब्रिनने कोट काढला नाही.

“मला विचारलं होतं,” ती म्हणाली. “कोण हवंय म्हणून. मी तुझं नाव नाही घेतलं.”

“कळलं मला.”

“मी खोटं बोलू शकले असते, मावशी.”

“मग बोलायचंस. तेवढं तरी करायचंस माझ्यासाठी.”

ब्रिनचे डोळे भरले. “तूच शिकवलंस ना. मैत्रीण कोण ते बघू नकोस, मोकळी कोण ते बघ, तिला पास दे. तुझा गुडघा परत पहिल्यासारखा होईल का? सांग ना, होईल?”

डेव्होनाने शिकवलं होतं खरं, आणि पोरगी शिकली होती. तिला वाटलं, हिला चांगलं झोडपावं. आणि वाटलं, हिच्या जागी मी असते तर वेगळं काय केलं असतं. दोन्ही एकदमच वाटलं, म्हणून तिने खोक्यावर चिकटपट्टी ओढली.

“कात्री दे ती,” ती म्हणाली.

ब्रिनने दिली. मग ती गेली.

डेव्होना याझू सिटीला आईकडे परतली. परदेशी क्लबांनी गुडघ्याचे फोटो मागवले आणि मग उत्तरं पाठवली नाहीत. शाळेच्या व्यायामशाळेत तिला काम मिळालं, मुलींना शिकवायचं, नंतर दारं लावून घ्यायची. मुली चांगल्या होत्या. एकीने विचारलं, तुम्ही खरंच लीगमध्ये होता का, कारण शोधलं तर फारसं काही सापडत नाही.

मे महिन्यात क्रेन्सचा पहिला सामना टीव्हीवर होता. आई मासे तळत होती; तिने आतूनच सांगितलं की बंद कर ते, जेवण गोड लागायचं नाही. डेव्होनाने ऐकलं नाही. तिच्या जागी एक उंच, देखणी, गुण मिळवणारी मुलगी आणली होती. ती स्क्रीनला पोचायची ते हमखास उशिरा, आणि पोचली तरी धक्का बसायच्या आधी अंग चोरायची. ब्रिन एकटी पडत होती. तिसऱ्यांदा कोंडल्यावर तिला असं ढकललं की ती पाठीवर आपटली आणि उठेना.

आई झारा हातात घेऊन दारात आली. “पोरीला लागलं वाटतं गं.”

“उठेल,” डेव्होना म्हणाली. “तेवीस वर्षांची आहे.”

ब्रिन उठली, कंबर धरून, लंगडत. डेव्होनाला बरं वाटलं. आतून, गरम काही प्यायल्यासारखं बरं वाटलं, आणि याची लाज वाटायला हवी हे तिला माहीत होतं. ती लाज येते का, याची तिने जरा वाट पाहिली. मग ताट मांडीवर घेऊन ती शेवटपर्यंत सामना बघत बसली. क्रेन्स हरल्या.