दावं परत दिलेली घोडी

अमीन मुजावर किती वर्षांचे होते, हे गणपतरावांना शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांचं मूळ गाव कुठलं, भावंडं किती, घोड्यांच्या नादाला ते बापामुळं लागले की आपण होऊन, यातलं काहीच त्यांनी कधी विचारलं नव्हतं. म्हणून जानेवारीतल्या त्या दुपारी कब्रस्तानाच्या फाटकाशी कुणीतरी "तुमी कोण त्यांचं?" असं सहज विचारलं, तेव्हा ते मनाशी हिशेब करायला लागले. दोस्त म्हणावं, तर दोस्ताबद्दल माणसाला इतकं तरी ठाऊक असतंच. नुसती ओळख म्हणावं, तर अमीनभाईंची घोडी सात महिने आपल्या गोठ्यात बांधलेली. "त्यांची घोडी हाय आमच्याकडं," एवढंच ते म्हणाले. आणि मग तेही खरं आहे का, या विचारात पडले. विचारणाऱ्यानंच त्यांचा दंड धरून आत नेलं आणि मूठभर माती टाकायला लावली.

गणपतराव कसबा बावड्याचे. साखर कारखान्याच्या काट्यावर चौतीस वर्षं कारकून होते. उसाची गाडी काट्यावर चढली की तिचा नंबर आणि वजन मोठ्यानं पुकारायचं, हे काम. एरवी त्यांचा आवाज घरातसुद्धा कुणाला ऐकू येत नसे. "लग्नात नाव घेतलं, तेच ह्यांचं शेवटचं बोलणं," असं त्यांची बायको बयाबाई चारचौघांत सांगायची. निवृत्त झाल्यावर ते सकाळी नदीच्या अंगाला फिरायला जात. तिथल्या मोकळ्या रानात अमीनभाई घोडी शिकवत असायचे. लांब दोरीच्या टोकाला घोडी, मधोमध हे, आणि सगळं गोल गोल चाललेलं. वरातीला घोडी देण्याचा त्यांचा धंदा होता. गणपतराव बांधावर उभं राहून बघत.

"काय पावणं, बसायचं काय?"

"न्हाय, न्हाय."

"लाजतासा काय! लग्नात बसलाच असशीला की."

"चालत गेलतो."

यावर अमीनभाई इतके हसले, की घोडीच थांबून त्यांच्याकडं बघायला लागली. चार वर्षं त्यांचं बोलणं असंच, बांधावरून रानात आणि रानातून बांधावर. चार वर्षं अमीनभाई त्यांना 'पावणं'च म्हणत राहिले. आपलं नाव त्यांना ठाऊक आहे की नाही, हेही गणपतरावांना कधी उमगलं नाही.

बैलांचा बेंदूर होऊन चार दिवस झाले असतील. सकाळीच अमीनभाई लंगडत दारात आले. मागं पांढरीशुभ्र घोडी, बर्फी.

"पावणं, ही ठिवून घ्या. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन हाय. थोरल्या दोन्ही घोड्यांस्नी मेव्हण्याकडं धाडलं. ही कच्ची हाय अजून, हिला तिथल्या गोठ्यात टाकून भागायचं न्हाय."

"मला घोड्यातलं काय कळतंय?"

"म्हणून तर आणलीया. कळणारा माणूस चाबूक उचलतोय."

मग त्यांनी घोडीची खोड सांगितली. बर्फी हलगीला भीत नाही, बेंजोला नाही, डॉल्बीलाही नाही. पण वाजणं अचानक थांबलं की बिथरते. वैशाखातल्या एका वरातीत नवरीच्या दारात ओवाळणीसाठी हलगी थांबली आणि घोडी अशी मागं सरली, की नवरदेव मांडवाच्या बांबूला धरून लोंबकळत राहिला.

"ती गप्प झालेल्या मानसांस्नी भीते," अमीनभाई म्हणाले. "रोज कायतर वाजवा, थांबवा, आन् मग तिच्याशी बोला. तुळशीच्या लग्नापत्तर जमली तर वरातीला, न्हाईतर बाजार. तिसरं जनावर नुसतं बांधून ठिवाय मला जमंना."

चौतीस वर्षं कमीत कमी बोललेल्या माणसाकडं बोलण्याचं काम का आणलं, हे गणपतरावांना कळेना. पण नाही म्हणायलाही बोलावं लागतं. त्यांनी घोडी गोठ्यात घेतली. विकलेल्या म्हशीचं दावं खुंटीला होतंच. दुसऱ्याची वस्तू आपल्याकडं अडकून राहू नये, या सवयीनं त्यांनी अमीनभाईंचं सुती दावं सोडलं, नीट गुंडाळी केली आणि दोन्ही हातांनी परत दिलं. अमीनभाई क्षणभर त्या गुंडाळीकडं बघत राहिले. मग "बरं" म्हणाले, दावं खांद्यावर टाकलं आणि लंगडत निघून गेले.

बयाबाई दारातून बघत होती.

"अवं, काय केलासा हे?"

"काय केलं?"

"जनावर इकल्यावर मालक दावं ठिवून घेतोय. उसनं दिलं तर दाव्यासकट देतोय. तुमी शेतकऱ्याच्या पोटचं, का काट्यावरच्या लोखंडाचं? त्या बिचाऱ्यानं दाव्यासकट आणलेली घोडी तुमी त्याच्यापासनं तोडून घेतलासा की!"

गणपतराव पायरीवर बसले. रीत त्यांना लहानपणापासून ठाऊक होती. वडलांनी बैल विकले तेव्हा दावी घरात आणून ठेवलेली त्यांनी पाहिली होती. हात पुढं झाले तेव्हा डोक्यात काहीच नव्हतं. आता काय करावं? दावं मागायला जावं, तर अमीनभाई म्हणतील, कसलं दावं? न जावं, तर त्यांना वाटायचं, यानं घोडी गिळली. घोडेवाल्यांत ही रीत पाळतात की नाही, तेही ठाऊक नाही. तीन वेळा ते अमीनभाईंच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले आणि तीन वेळा भाजी घेऊन परत आले.

इकडं घोडीचं शिक्षण सुरू झालं. बयाबाई परात बडवायची आणि थांबायची. कुकरची शिट्टी, रेडिओवरचं भजन, शेजारचा मिक्सर, सगळं झालं. थांबलं की बर्फीचे कान ताठ, अंगावर काटा, मागचा पाय उचललेला. तेवढ्यात बोलायचं. पण काय बोलायचं? पहिले दोन दिवस गणपतराव नुसतेच घसा खाकरत राहिले. तिसऱ्या दिवशी तोंडाला येईल ते बाहेर पडलं:

"एमएच नऊ, एक्केचाळीस बारा. भरलेलं अठरा टन दोनशे. रिकामं सहा टन चाळीस. निव्वळ बारा टन एकशे साठ."

बर्फीनं पाय खाली ठेवला.

दिवाळीच्या आत परात थांबली काय आणि चालू राहिली काय, घोडीला फरक पडेना. मात्र नंबर ऐकू यायला हवेत. बयाबाईनं एकदा स्वतः बोलून बघितलं, तर बर्फीनं परात लाथेनं उडवली.

तुळशीच्या लग्नाआधी अमीनभाई काठी टेकत आले. बरोबर एक हलगीवाला. अंगणात हलगी कडाडली, बर्फी पुतळ्यासारखी उभी. अमीनभाईंनी हात वर केला, हलगी थांबली. घोडीचे कान उभे राहिले. गणपतरावांना राहवेना, ते खाली मान घालून पुटपुटले, "एमएच नऊ, तेवीस सत्तर..." कान खाली आले.

"काय म्हणतासा तिला?"

गणपतरावांनी सांगितलं. हलगीवाला तोंडावर हात ठेवून वळला. अमीनभाई मात्र हसले नाहीत.

"आता वरातीत नवरदेवानं उसाचं वजन सांगायचं व्हय?"

"चुकलंच माझं."

"चुकलं का न्हाय, ते मलाबी कळंना." त्यांनी घोडीच्या मानेवरून हात फिरवला. "तयार तर झालीया. पर तुमच्यापुरतीच."

गणपतरावांना वाटलं, आता बाजार. घोडी जाणार याची भीती वाटते आहे, हे त्यांना तेव्हाच समजलं. पण अमीनभाई खूर उचलून बघत म्हणाले, "ऱ्हाऊ दे. कच्ची हाय अजून."

त्यानंतर ते दर आठवड्याला यायचे. गूळ द्यायचे, खूर बघायचे, "कच्ची हाय" म्हणायचे आणि रिकाम्या हातानं जायचे. मार्गशीर्षातली लग्नं सरत आली, तरी ना त्यांनी घोडी नेली, ना बाजार काढला. दावं परत दिल्यामुळं त्यांनी ती सोडून दिली होती, की शिकायला ठेवली होती? विचारायला हवं होतं. प्रत्येक वेळी गणपतराव ठरवायचे, आणि प्रत्येक वेळी चहाचं विचारायचे.

मग तो जानेवारी आला.

अमीनभाईंचा चाळिसावा दिवस झाल्यावर गणपतराव बर्फीला घेऊन चालत त्यांच्या घरी गेले. अमीनभाईंच्या पत्नी खतिजाभाभी दारात आल्या, पाठोपाठ पुण्याहून आलेला मुलगा साद.

"भाभी, ही तुमची घोडी."

साद गोंधळला. "काका, अब्बा घरात दोनच घोड्या सांगायचे. मला वाटलं, ही तुम्हाला दिली."

"कुणी सांगितलं तुला?" खतिजाभाभी म्हणाल्या. "मला तर म्हणायचे, एक काट्यावरच्या पावण्याकडं शिकाय ठिवलीया."

कुणाला काय सांगितलं आणि त्यातलं कुठलं खरं, हे सांगणारा माणूस आता नव्हता. शेवटी साद म्हणाला, "थोरल्या दोघी मामांकडंच राहतील. ही तुम्हीच न्या, काका. तुमचीच समजा."

गणपतरावांनी मान आडवी हलवली. आणि मग काट्यावर पुकारायचे त्या आवाजात, स्वतःलाच दचकवत म्हणाले, "माझी न्हवं. उसनी हाय. दावं द्या तिचं."

सादला काही उमजलं नाही. खतिजाभाभी मात्र आत गेल्या आणि दारामागच्या खिळ्यावरची सुती गुंडाळी घेऊन आल्या. गणपतरावांनी म्हशीचं दावं सोडून खिशात कोंबलं आणि हे बांधलं. गाठ नीट बसली की नाही, ते दोनदा बघितलं.

परतताना आपण बरोबर केलं की नाही, हे त्यांना कळत नव्हतं. रस्ता शांत होता, बर्फीचे कान उभे होते. तिच्याशी बोलायला हवं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, पण गाड्यांचे नंबर आठवेनात. आठवलं ते अमीनभाई जायच्या दोन दिवस आधीचं, गोठ्याच्या दारातलं बोलणं.

"थंडी वाढलीया. पोतं टाकतासा न्हवं हिच्या अंगावर?"

"टाकतो. अमीनभाई, ते दावं..."

"काय झालं दाव्याला?"

"न्हाय, काय न्हाय. चा टाकलाय, घिऊन जावा."

"उद्या घेतो की, पावणं. साखर तेवढी कमी सांगा वैनीस्नी."

"सांगतो."