विहिरीला लावलेल्या दोन दोऱ्या

माझी फजिती सांगा असं कुणी म्हटलेलं नाही, पण चहा येईपर्यंत मीच सांगून टाकतो. नाहीतर माझा धाकटा भाऊ सांगेल, आणि तो तिखटमीठ लावून सांगतो.

मी नगरच्या कॉलेजात उभा जन्म भूमिती शिकवली. भाऊ शमुवेल मिरजगावला शेती करतो. नाताळाला त्याचा नातू येणार होता, नुकता चालायला लागलेला. आणि अंगणाच्या कडेलाच उघडी विहीर. तो येण्याआधी तिच्यावर लोखंडी जाळी बसायला हवी होती.

वेल्डर बबन म्हणाला, "उद्या बांबू आडवा टाकून चारी अंगानं माप घेतो."

"विहिरीवर वाकायचं कशाला? मी बाहेरूनच त्रिज्या काढून देतो."

आता तुम्हीच सांगा, गप्प बसायला मला काय झालं होतं?

जरा दूर खुंटी ठोकली. तिथून दोन दोऱ्या ताणल्या, कठड्याला दोन्हीकडून नुसत्या टेकतील अशा. या झाल्या स्पर्शिका. एकाच बिंदूपासून वर्तुळाला टेकणाऱ्या दोन स्पर्शिका समान भरतात, हे मी झोपेतही सिद्ध करीन. डावी दोरी वीतभर जास्त भरली.

पुन्हा मोजली. वीतभर जास्त. चष्मा पुसून मोजली. तेवढीच.

वय झालं, हात कापतात, टेप सैल धरला असणार. मी दोन्ही मापांची सरासरी घेतली, मधला कोन मोजला आणि बबनला त्रिज्या दिली. दोन दशांश स्थळांपर्यंत.

नातू यायच्या दिवशी सकाळी जाळी आली. एकीकडे कठड्याबाहेर लोंबली, दुसरीकडे पोर सहज जाईल एवढी फट.

"सर," बबननं विचारलं, "दोऱ्या सारख्या भरल्या हुत्या का?"

"नाही. पण सारख्या असायलाच हव्यात."

"विहीर गोल असंल तर ना."

शमुवेल शांतपणे म्हणाला, "दादा, ही विहीर गोल कुठं हाय? खडक लागला म्हणून आबांनी एका अंगाला वाकडी घेतली. तू पवायला हितंच शिकलास की."

प्रमेय बिचारं तीनदा सांगत होतं. मी डोळ्यांवर शंका घेतली, हातांवर घेतली, टेपवर घेतली. विहिरीवर काही घेतली नाही.

त्या दिवशी फटीवर फळ्या ठोकल्या. नंतर बबननं बांबू टाकून दुसरी जाळी केली. माझी जाळी गोठ्यामागे दोडक्याच्या वेलाला दिली आहे. ती मात्र अगदी गोल आहे. परवा दोऱ्या लावून पाहिल्या, दोन्ही समान भरल्या.

तीनदा मोजल्या.