आतून लागणारी कडी

गल्लीच्या तोंडाशी मास्तरांचं दुकान होतं. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणकामाचे. बोलणं इतकं कमी की त्यांची बायको चारचौघांत म्हणायची, "ह्यांना बोलतं करायचं तर आधी तोंडातल्या टाचण्या काढून घ्याव्या लागतात." गिऱ्हाईक हसायचं. मास्तरही हसायचे, ओठ मिटूनच.

दुकानात त्यांची एक रीत होती. कारागिरानं बाही वाकडी लावली तरी ते त्याला काही म्हणत नसत. तो घरी गेला की बाही उसवायची आणि आपण पुन्हा शिवायची. सकाळी कारागीर आपलंच काम समजून शर्टाची घडी घालायचा. "कशाला कुणाचं मन मोडा?" एवढंच मास्तर म्हणायचे. कारागीर काही सुधारला नाही, पण दुकान चाललं.

पुढं मास्तरांच्या बायकोचे, बाईंचे, पाय गेले आणि घरात चाकांची खुर्ची आली. भाड्याच्या जागेत मोरी होती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात. खुर्ची अर्धी आत, अर्धी बाहेर, दार सताड उघडं आणि मास्तर तांब्या घेऊन उभे. शेजारीण हाक न मारता आत यायची, तेव्हा बाई ओल्या अंगानं आक्रसून जायच्या. एकदा अशीच ती येऊन गेल्यावर बाई म्हणाल्या, "मला दुसरं काही नको हो. एकटीनं, आतून कडी लावून आंघोळ करायची आहे. बस."

मास्तरांनी घर बांधायला काढलं ते त्या कडीसाठी. लोकांना वाटलं, म्हातारपणी हौस आली.

काम दिलं बाईंच्या धाकट्या भावाला. आई गेल्यावर बाईंनीच त्याला अंगाखांद्यावर वाढवलेलं. तो गवंडीकामाचा ठेकेदार झाला होता. मनानं मोकळा, जिभेचा गोड, आणि ओळंब्याशी त्याचं जन्माचं वैर. भिंत डोळ्यांनीच सरळ करायची, दोरी सोडून बघायचं नाही. पहिल्याच भिंतीला पोट आलं. मास्तरांनी नुसता हात फिरवून पाहिला, तर तो म्हणाला, "दाजी, ही भिंत आहे, पाटलोणीची इस्त्री नव्हे! गिलाव्यात सगळं झाकलं जातं."

बाई खुर्चीत बसून आशेनं विचारायच्या, "कसं करतोय हो माझा भाऊ?"

"छान करतोय," मास्तर म्हणायचे.

आणि कामगार गेले की मास्तर बांधकामावर जायचे. विटांमधल्या पोकळ सांध्यांत माल भरायचे, आलेले फुगवटे खरवडायचे. भाऊ विसरून गेलेला असायचा, तेव्हा भिंतींना पाणीही तेच मारायचे. शिवणाऱ्या बोटांना सिमेंटनं भेगा पडल्या. सकाळी भाऊ येऊन कमरेवर हात ठेवून म्हणायचा, "बघा दाजी, कसं काम उतरलंय!" दाजी मान डोलवायचे.

न्हाणीघराच्या दाराचं माप मात्र मास्तरांनी स्वतः दिलं होतं. खुर्ची मापली, चाकं ढकलायच्या बाहेरच्या कड्याही मापल्या, वर चार बोटं जास्त धरली. भावानं ते माप विटेवर कोळशानं लिहून घेतलं आणि तेवढंच भगदाड भिंतीत ठेवलं. चौकट त्याच्या आत बसते, तिच्या लाकडालाही जागा लागते, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

चौकट बसली त्या दिवशी त्यानं हौसेनं ताईला रिक्षातून आणवलं. खुर्ची बाहेरच्या खोलीत विटांच्या ढिगाऱ्याशी अडली, तशी तो तिला उचलूनच घेऊन गेला. "ताई, हे तुझं दार. लहानपणी तू मला न्हाऊ घालायचीस, आता माझ्या हातच्या न्हाणीघरात तू नाहा."

बाईंनी चौकटीवरून हात फिरवला आणि त्या रडायला लागल्या. भावाचेही डोळे भरले.

मास्तरांनी चौकट एका नजरेत मापली. चार बोटं तर गेलीच होती, वर आणखी चार गेली होती. चौकटीभोवतीचा माल अजून ओला होता. त्या घटकेला एक शब्द बोलले असते, तर चौकट निघाली असती. पण ते दोघांकडे बघत राहिले आणि मनात म्हणाले, नंतर बघू. नेहमीसारखं, आपलं आपण.

पण भिंत काही बाही नव्हे. मास्तर खुर्ची घेऊन सायकलवाल्याकडे गेले, चाकांच्या बाहेरच्या कड्या काढून आणल्या. रंधा मागून आणला आणि चौकटीचं लाकूड तासलं. तरी खुर्ची आत जाईना.

राहायला आल्यावर पहिल्याच सकाळी बाई एकट्या खुर्ची ढकलत गेल्या. मांडीवर टॉवेल, साबण, धुवट साडी. खण्णकन चाक चौकटीला लागलं. मागं घेऊन त्यांनी पुन्हा ढकललं. मग पुन्हा.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "हे जात नाहीये."

निरोप मिळताच भाऊ धावत आला. चेहरा पांढराफटक. "दाजी, तुम्हाला दिसलं नव्हतं? तुमची नजर सुताएवढा फरक ओळखते!"

मास्तरांचा हात चौकटीच्या तासलेल्या कडेवर गेला.

"एकदा तरी ओरडायचं होतं हो माझ्यावर! मला वाटायचं, दाजी बोलत नाहीत म्हणजे काम बरोबर आहे."

त्यानं स्वतः छिन्नी-हातोडा घेतला. चौकट निघाली. आता भिंत थोडी तासून नवी बसवायची म्हणून पुढचा घाव घातला, तर गिलावा ढासळला आणि त्यामागून एक भेग सरसरत थेट छतापर्यंत गेली. हातोडा त्याच्या हातात तसाच राहिला. बाई म्हणाल्या, "राहू दे रे बाळा. अंगावर पडेल तुझ्या."

भेगेत माल भरून भिंतीला टेकू दिला, पण तिला पुन्हा हात लावायची कुणाची छाती झाली नाही. चौकट नसल्यामुळे खुर्ची आत जात होती. चौकट नव्हती म्हणून दारही नव्हतं. मास्तरांनी जाड कापडाचा पडदा शिवला, खाली वजनाला दुहेरी पट्टी घातली. भाऊ येतो अजून, पण उंबऱ्यापाशीच बसतो. आत बघत नाही.

बाई एकट्या आंघोळ करतात. पाणी अंगावर घेण्याआधी दर वेळी थांबतात.

"बाहेर कुणी आहे का हो?"

पडद्याकडे पाठ करून मास्तर तिथंच उभे असतात, कुणी आत येऊ नये म्हणून.

"कुणी नाही," ते म्हणतात.

मग आतून पडद्याची कड भिंतीपर्यंत ओढली जाते. त्यानंतर पाणी पडू लागतं.