वेनबाई ज्यांना ‘जेवलात का’ विचारत नाहीत

आमच्या गल्लीत कचऱ्याची गाडी संध्याकाळी सहा चाळीसला येते. लांबून तिचं टिंगटिंग ऐकू आलं की घराघरातून माणसं पिशव्या घेऊन बाहेर पडतात आणि गाडी कोपऱ्यावर येईपर्यंतच्या सात-आठ मिनिटांत गल्लीचं सगळं बोलून होतं. कुणाच्या पोराचं लग्न मोडलं, कुणाच्या पिशवीत बाटल्या फार खणखणतात. आमच्या थायनान शहरात वर्तमानपत्रंही निघतात, पण दुसऱ्या दिवशी सकाळी, शिळी होऊन.

त्या घोळक्यात वेन सू-च्यू उभ्या असतात. वय त्रेपन्न, केस कानापर्यंत, हातात ओल्या कचऱ्याची हिरवी बादली. देवळामागच्या समुपदेशन केंद्रात लोकांची दुखणी ऐकून घेतात. इथे अशा माणसालाही शाळेतल्यासारखं बाईच म्हणतात, म्हणून वेनबाई. त्यांचं तोंड म्हणजे झाकण घट्ट बसलेली बरणी. नाश्त्याचं दुकान चालवणाऱ्या ल्याओ मावशीनं ते झाकण उघडायचा नऊ वर्षं प्रयत्न केला. अंड्याचा पोळा फुकट दिला, सोयाच्या दुधात साखर जास्त घातली. बाई पोळा खायच्या, दूध प्यायच्या आणि हवेबद्दल बोलायच्या.

मावशीला झाकण उघडायची गरजच नव्हती, ते वेगळं.

बाईंचा एक नियम होता. आपल्याकडे येणारं माणूस रस्त्यात भेटलं, तर त्यानं आधी बोलल्याशिवाय आपण ओळख दाखवायची नाही. त्याला चारचौघांत संकोच नको. नियम सोन्यासारखा. पण बाई मुळात बोलक्या. कचऱ्याच्या रांगेत दिसेल त्याला त्या “जेवलात का?” विचारायच्या. एखाद्यापाशी आल्या की मात्र एकदम आकाशाकडे बघायच्या. दातांचे डॉक्टर कू आले, बाईंची नजर विजेच्या तारांवर. शिंपीणबाई आली, पुन्हा तारांवर. मावशीला उलगडा व्हायला दोन महिनेही लागले नाहीत.

“कूला विचारलं नाही हं आज,” ती हळूच म्हणायची. “म्हणजे कू जायला लागला. बायकोमुळे असणार.”

नऊ वर्षांत बाईंच्या तोंडून एक नाव निघालं नाही आणि नऊ वर्षं गल्लीला अख्खी यादी पाठ होती. बाईंना हे सांगणार कोण? सांगितलं तर यादी बंद झाली असती.

सांगितलं काओकाकांनी.

काओ तिएन-फू, वय बहात्तर, साखर कारखान्यातून निवृत्त. गेल्या वर्षी बायको गेली. मुलगा शिंचूला नोकरीला, शनिवार-रविवार येतो. घरात सून पेइ-लिंग आणि पाच वर्षांची नात थांगथांग. सून कामावर असते, म्हणून रोज चार वाजता नातीला बालवाडीतून स्कूटरवर आणायचं काम काकांचं. बायको गेल्यापासून दिवसात ती एकच वेळ अशी होती, की कुणीतरी त्यांची वाट बघत असायचं.

पुढचं सगळं मला काकांनीच सांगितलं, दोन्हीकडचे आवाज काढून. वेनबाईंना विचाराल तर त्या तुम्हाला हवा सांगतील.

काका केंद्रात गेले त्या पहिल्या दिवशी बाईंनी त्यांच्यापुढे एक कागद ठेवला आणि वाचून दाखवला. इथे बोललेलं इथेच राहील. अपवाद मोजके. तुमच्या जिवाला धोका असेल, तुमच्यामुळे दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, लहान मुलाला इजा होत असेल किंवा कोर्टानं मागितलं, तर कायद्यानं मला गप्प राहता येणार नाही. आणि बाहेर भेटलो तर मी आधी ओळख दाखवणार नाही.

काकांनी मोबाइलचं कार्ड घेताना करतात तशी सही ठोकली. मग म्हणाले, “ते शेवटचं तेवढं करू नका, बाई. तुम्ही ज्याला जेवलात का विचारत नाही तो तुमच्याकडे येतो, हे आमच्या मांजरालाही ठाऊक आहे.”

बाईंनी म्हणे कागद पुन्हा स्वतःकडे ओढला. “कधीपासून?”

“मांजर सात वर्षांचं आहे.”

त्या संध्याकाळी बाईंनी गल्लीत एकालाही विचारलं नाही. सगळ्यांसमोर तारांकडे बघत उभ्या राहिल्या. गल्ली हबकली. “आता काय आपण सगळेच जातो की काय हिच्याकडे?” मावशी म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून बाईंनी नवी पद्धत काढली. सगळ्यांना सारखीच मान हलवायची, ना जास्त ना कमी. मावशीचा धंदा बसला.

काका दर गुरुवारी अडीचला जात राहिले. काय बोलायचे? बायकोबद्दल थोडं, सुनेच्या सूपाबद्दल फार. पेइ-लिंगचं मुळ्याचं सूप म्हणजे भांडी धुतलेलं पाणी, त्यात मुळा चुकून पडलेला, असं त्यांचं मत. तीन गुरुवार फक्त सूप चाललं होतं. हे लिहू का, असं मी विचारलं, तर म्हणाले, “लिही की. तिला कुठे तुझी भाषा येते?”

चौथ्या गुरुवारी सूप संपलं आणि ते सहज बोलून गेले, “परवा सिग्नलला गंमत झाली. लाल दिवा होता. मग मागचे लोक हॉर्न वाजवत होते. मधलं काही नाहीच.”

“मधलं काही नाही म्हणजे?”

“म्हणजे दिवाच गेला. इथला.” त्यांनी कपाळावर बोट ठेवलं. “तिसरी वेळ. थांगथांग पुढे उभी होती, तिनं मला चिमटा काढला म्हणून जागा झालो. हे कुणाला सांगू नका हं. माझी गाडी काढून घेतील.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. काका म्हणतात, “मला तेव्हाच कळायला हवं होतं. पेन खाली ठेवणारी बाई आणि सुई बाहेर काढणारी नर्स, दोघींपासून पळावं.”

“काका, आज नातीला कोण आणणार?”

“मीच. चार वाजता.”

घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

“हा फोन घ्या,” बाई म्हणाल्या. “सूनबाईंना तुम्हीच सांगा. आज मुलीला त्या आणतील, उद्या तुम्ही डॉक्टरांकडे जाल. एवढं झालं की मला बोलायची गरज नाही.”

“आणि नाही केला फोन तर?”

“मग मी करेन. काय बोलणार ते आधी तुम्हाला सांगून.”

“बाई, तुम्ही म्हणाला होतात, इथलं इथेच राहील.”

“अपवादही म्हणाले होते. तुम्ही सही करत होतात तेव्हा.”

“सहीचं काय, मी पार्सल घेतानाही करतो.”

बाई दोन मिनिटं बाहेर गेल्या, वरिष्ठांना विचारायला. नाव न घेता विचारलं. तेवढ्यात काकांनी हेल्मेट घातलं आणि खाली उतरले. स्कूटर सुरू करून मान वर करतात तर समोर वेनबाई. पायात केंद्राच्या आतल्या गुलाबी सपाता, दोन्ही हात स्कूटरच्या दिव्यावर.

“बाजूला व्हा, बाई.”

“नाही.”

“मुलगी वाट बघत असेल.”

“म्हणूनच.”

मग तिथेच, रस्त्यात उभं राहून, त्यांनी आधी काकांना वाक्य ऐकवलं आणि मग फोन लावला. फोनचा आवाज मोठा ठेवला होता, काकांना दोन्हीकडचं ऐकू यावं म्हणून.

“पेइ-लिंगबाई, मी समुपदेशन केंद्रातून वेन बोलते. तुमच्या सासऱ्यांची गाडी चालवताना क्षणभर शुद्ध हरपते. आज मुलीला तुम्ही आणा आणि त्यांना डॉक्टरांना दाखवा. ते आत्ता माझ्यासमोर सुखरूप आहेत.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. “निघाले मी. कधीपासून होतंय?”

“ते त्यांना विचारा.”

“ते तुमच्याकडे येतात? मला माहीतच नव्हतं. काय बोलतात?” मग जरा थांबून, “माझ्याबद्दल काही बोलतात का?”

काका म्हणतात, त्या क्षणी माझी खरी शुद्ध हरपायची वेळ आली होती. तीन गुरुवारचं सूप बाईंच्या पोटात होतं.

“ते मी सांगू शकत नाही,” बाई म्हणाल्या. “तुम्ही आधी बालवाडीत पोचा.” आणि फोन ठेवला.

काकांनी चावी काढली, खिशात टाकली आणि पायी घरी गेले. हेल्मेट डोक्यावरच होतं.

डॉक्टरांना हृदयाची चूक सापडली. मधूनच ठोका चुकवायचं. मग गळ्याखाली काडेपेटीएवढं यंत्र बसवलं. मुलगा रजा काढून आला आणि स्कूटर विकून टाकली. काकांनी केंद्रात जाणं सोडलं.

कचऱ्याच्या रांगेत आता उलटंच झालं. बाई सगळ्यांना मान हलवायच्या तशी काकांनाही हलवायच्या आणि काका विजेच्या तारांकडे बघायचे. मावशीनं तीन दिवसांत निकाल लावला. “भांडण झालंय. म्हणजे जात होता.”

तिनं पेइ-लिंगलाही घोळात घेऊन बघितलं. ती म्हणाली, “मावशी, मलाच काही कळत नाही. मी त्या बाईंना दोनदा फोन केला. विचारलं, बाबांच्या मनात काय आहे? दोन्ही वेळा म्हणाल्या, बाबांना विचारा.”

हे काकांनी पिशवी बांधता बांधता ऐकलं. दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा नाही.

आता ते चार वाजता पायी जातात. वीस मिनिटांची वाट, परत येताना चाळीस, कारण थांगथांगला पेरू घ्यायचा असतो, नाल्यावरचा बगळा बघायचा असतो आणि शेवटी खांद्यावर बसायचं असतं. खांद्याला डॉक्टरांनी मनाई केली आहे. म्हणून ते शेवटच्या वळणावर भांडतात, रोज.

दीड महिन्यानं एका बुधवारी गाडी यायच्या आधी काका बाईंच्या समोर जाऊन उभे राहिले. त्यांनी आवाज कमी करायचे कष्ट घेतले नाहीत.

“वेनबाई, जेवलात का?”

गल्लीच्या माना वळल्या. बाईंनी बादली खाली ठेवली. “अजून नाही.”

“उद्या अडीचला येऊ?”

“केंद्रात फोन करून वेळ घ्या, काका.”

मावशी दोन पिशव्या घेऊन मध्ये घुसली. “म्हणजे तू जातोस हिच्याकडे?”

“जातो. बायको गेल्यापासून. गाडीवर माझी शुद्ध हरपायची. हिनं माझी गाडी अडवली, गुलाबी सपाता घालून. अजून काय पाहिजे?”

मावशी बाईंकडे वळली. “खरं का हो, बाई? सपाता घालून?”

“उद्या पाऊस आहे म्हणतात,” वेनबाई म्हणाल्या.

“अहो, तो स्वतः सांगतोय.”

“त्यांचं आहे, ते सांगतील.”

टिंगटिंग कोपऱ्यावर आलं. पेइ-लिंग सासऱ्यांच्या हातातली बादली घेत म्हणाली, “बाबा, उद्या लवकर परत या. मुळ्याचं सूप करते आहे.”

काकांनी बाईंकडे बघितलं. बाई तारांकडे बघत होत्या.