गोपीने मला कारखान्यात नेलं तो उन्हाळा

मला कारखान्याच्या गेटातून आत खेचून नेणारी बाई आज सकाळी गेली.

गोपी. माझी कॉलेजची मैत्रीण. तिच्या लेकीचा फोन आला, "मावशी, मम्मी झोपेतच गेली."

खूप रडले. पण खरं सांगू? तेव्हापासून डोक्यात आमचा तो मे महिनाच चाललाय, आणि मी नव्वदीला टेकलेली म्हातारी एकटीच हसतेय.

म्हणून लिहायला बसले. टायपिंगच्या चुका पोटात घाला.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी बदलापूरच्या शेतकऱ्याची मुलगी. ती उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधली. फाळणीत सिंधमधून आलेलं कुटुंब, बराकीतली एक खोली, मध्ये गोणपाटाचा पडदा.

मुंबईच्या कॉलेजात दोघी केमिस्ट्रीला. वर्गात मुली आम्ही दोघीच.

एक दिवस सर म्हणाले, सुट्टीत अंबरनाथच्या केमिकल फॅक्टरीत ट्रेनिंग आहे, मुलांनी नावं द्या. आता तुम्ही इंटर्नशिप म्हणता ना, तेच.

गोपी उभी राहिली. "सर, आणि मुलींनी?"

वर्ग हसला. सरही हसले. "मुली कारखान्यात काय करणार?"

"मुलं जे करणार, तेच."

नावं काही घेतली नाहीत. बाहेर आल्यावर म्हणाली, "ती फॅक्टरी माझ्या घरापासून चालत जाण्यासारखी आहे. आपणच जाऊन विचारू."

"वेडी आहेस का?"

"हां, चरी आहे मी!" चरी म्हणजे सिंधीत वेडीच.

गेटवर वॉचमनने हात आडवा घातला. "भरती बंद है."

"भरती नहीं चाहिए भैया, सीखना है. बड़े साहब को बोलो."

आम्ही हटलोच नाही. शेवटी चीफ केमिस्ट कर्णिकसाहेब स्वतः बाहेर आले. त्यांनी तिथेच, भर उन्हात, आमची तोंडी परीक्षा घेतली! एक उत्तर गोपीचं, एक माझं. मग चष्मा पुसत म्हणाले, "ठीक आहे. पगार नाही. आधी नुसतं बघायचं, कशाला हात लावायचा नाही. आणि याल तर दोघी या. एकट्या मुलीची जबाबदारी मी घेणार नाही."

तो पहिला दिवस!

पुस्तकात एका ओळीत मावणारी रिअ‍ॅक्शन तिथे आमच्या घराएवढ्या टाकीत खदखदत होती. नाकात झणझण, डोळ्यांत पाणी. गोपीने माझा दंड असा चिमटला की काळानिळा पडला.

"अगं, हे आपलंच इक्वेशन आहे! खरं आहे हे सगळं!"

साहेब पुढे, आम्ही मागे. ते टाकीवर चढले की आम्ही चढायचो. ते ऑपरेटरशी काय बोलतात, कान देऊन ऐकायचो. थोड्या दिवसांनी त्यांनी आमच्या हातात ब्युरेट दिली, थेंब थेंब मोजून सोडायची ती काचेची नळी. प्लांटमधून आलेलं सॅम्पल आम्ही तपासायचं! मला रात्री झोप येईना.

आणि मग गावात कुजबुज सुरू झाली.

बाबा म्हणाले, "उद्यापासून नाय जायचं. फुकट राबायला तुला शिकवली काय? आन् लोक काय बोलतात, ठाऊक हाय?"

दुसऱ्या दिवशी मी घरीच.

दुपारी दारात कोण? गोपी! घामाने भिजलेली. याआधी ती आमच्याकडे कधीच आली नव्हती, विचारत विचारत आली. बाबा नुकतेच शेतात राब भाजून, म्हणजे भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून, आले होते, हात राखेने भरलेले.

"काका, ही आज आली नाही. म्हणून मला पण परत पाठवलं."

"तुझ्या बापाला चालतं हे?"

"आधी नव्हतं चालत." तिचं मराठी अडखळत होतं, पण ती थांबली नाही. "आमचं दुकान तिकडेच राहिलं. इकडे कॅम्पात आलो, तेव्हा घरात पहिली नोकरी माझ्या बहिणीला लागली. शाळेत. मॅट्रिक होती म्हणून. आता बाबा मला नको नाही म्हणत."

बाबांनी हातांवरची राख धुतली.

मग म्हणाले, "जेवलीस का, पोरी?"

आणि ती जेवत असताना, "उद्या मी येतो संगती. बघू तरी काय हाय तिथं."

दुसऱ्या दिवशी धोतर-टोपीतले माझे बाबा लॅबमध्ये! कर्णिकसाहेबांनी त्यांना खुर्ची दिली आणि मला म्हणाले, "तुम्हीच दाखवा वडिलांना."

ब्युरेटमधून थेंब, थेंब. फ्लास्कमधलं पाणी स्वच्छ. अजून एक थेंब, आणि सगळा फ्लास्क गुलाबी!

बाबा खुर्चीतून उठले. "येका थेंबानं?"

"एका थेंबानं, बाबा."

"परत कर."

परत केलं. मग आणखी एकदा करायला लावलं! गोपी मागे टाळ्या वाजवत होती.

निघताना बाबा साहेबांना म्हणाले, "सायब, दोघींना समदं शिकवा. काय मागं ठेवू नका."

आणि घरी आल्या आल्या आईला, "उद्यापासून डबा दोघींचा दे. ती पोर लय बारीक हाय."

बी.एस्सी. झाल्यावर गोपीला त्याच लॅबमध्ये नोकरी लागली. तिथली पहिली बाई! मी कॉलेजात शिकवायला लागले. मग दर सुट्टीत माझ्या विद्यार्थिनी तिच्याकडे ट्रेनिंगला. पहिल्या बॅचच्या मुली परत आल्या, तेव्हा सगळ्या एकदम बोलत होत्या, मला एक अक्षर कळेना. मी गोपीला फोन केला, तर तीही तशीच बोलत होती!

त्यातल्या कुणी हे वाचत असाल, तर खाली दोन शब्द लिहा. तिच्या लेकीला वाचून दाखवीन.

गोपी, तुझ्यासोबतचे ते दिवस फार फार सुंदर होते गं.

सुखाने जा, मैत्रिणी. तुला माझा शेवटचा नमस्कार.