रजेचं खरं कारण

चैत्रातल्या त्या सकाळी मुलुंडच्या आमच्या गल्लीत शिरीषाच्या फुलांचा मंद गंध दाटून राहिला होता. माझ्या हातांना मात्र अजून रुग्णालयातल्या जंतुनाशकाचाच वास येतो आहे, असं मला वाटत होतं. इरा आश्विनात, सातव्याच महिन्यात जन्मली. मार्गशीर्ष सरत आला तेव्हा कुठे ती काचेच्या पेटीतून घरी आली आणि घरी आल्यावरही मी तिची आई कमी, पहारेकरी अधिक होते. तिचं वजन, तिची औषधं, झोपेतला तिचा श्वास, एवढ्याच राखणीत माझी बाळंतपणाची रजा झिजून गेली. मग गेल्या आठवड्यात डॉक्टर हसून म्हणाले, “आता ही इतर बाळांसारखंच एक बाळ आहे.” आणि येत्या सोमवारी मला कामावर रुजू व्हायचं होतं.

आणखी तीन महिन्यांच्या रजेचा अर्ज घेऊन मी अंधेरीच्या आमच्या विमा कचेरीत जायला निघाले, तेव्हा नवऱ्याने, निरंजनने, इराला खांद्यावर घेत म्हटलं, “जा गं तू. आम्ही बघतो आमचं.” अर्जात कारण लिहिलं होतं : बाळाची नाजूक प्रकृती.

आमच्या विभागप्रमुख सामंत मॅडम शिस्तीच्या. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला. “काय झालंय गं बाळाला?”

उत्तर पाठ होतं. पण डॉक्टरांच्या ज्या वाक्याची मी सहा महिने वाट पाहिली, तेच खोटं ठरवायला जीभ वळेना. “काही नाही, मॅडम. बरी आहे ती. पण ती बरी होईतो रजाच संपली. तिच्याशी नुसतं खेळायचं राहून गेलंय.”

त्यांनी अर्ज माझ्याकडे परत सरकवला.

“मग हे कारण खोड ना,” त्या म्हणाल्या. “धडधाकट लेकराला कागदावर तरी आजारी कशाला पाडतेस? संगोपनासाठी, असं लिही.”

मी लिहिलं. त्यांनी लगेच सही केली. “आणि मधे कचेरीत फोन करून कामाची चौकशी करू नकोस. कळलं?”

जिना उतरताना पाय इतके हलके झाले होते, की कठड्याला धरून मी क्षणभर थांबले, आणि मग तिथेच, येणाऱ्याजाणाऱ्यांची तमा न बाळगता, मनमोकळं रडले.

घरी पोचले तेव्हा दुपारचं सोनेरी ऊन पडद्यातून झिरपून जमिनीवर उतरलं होतं. मी इराच्या शेजारी चटईवर आडवी झाले आणि, किती महिन्यांनी कोण जाणे, तिच्या आधी मलाच झोप लागली. जाग आली तेव्हा ती टक्क जागी होती, न रडता, माझ्याचकडे बघत. ती अशी कधीपासून बघत होती, मला ठाऊक नाही.